डोहाचा अंगारा

मारुतीच्या पारावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या वस्त्यांवरून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. पारावर न मावलेली माणसं देवळाच्या पायऱ्यांवर होती, पायऱ्यांवर न मावलेली चावडीच्या ओट्यावर. चौऱ्याहत्तर सालचा वैशाख होता. गंगाखेडच्या खाली, गोदावरीच्या काठावरच्या खडकपिंपरीत इतकी माणसं याआधी एकदाच जमली होती, दुष्काळात खडी फोडायच्या कामावर. तेव्हा ती पोटासाठी जमली होती, आज चमत्कारासाठी.

चमत्कार करणारे त्रिकाळनाथ महाराज वाघाचं चित्र असलेल्या सतरंजीवर बसले होते. ते हिमालयातून आले होते. असे महाराज दुसरीकडून येतच नाहीत, मनमाडहून आलेला महाराज कोणी ऐकलेला नाही. पोलीस पाटील माणिकराव यांच्या गोठ्यातल्या दुभत्या म्हशी गळा सुजून एकापाठोपाठ एक मेल्या होत्या. कोणीतरी भानामती केली, असं पाटलांच्या घरात ठरलं, आणि करणाऱ्याला हुडकायला महाराजांना मोठ्या मानानं आणवलं गेलं.

महाराजांची रीत सोपी होती. माणसानं समोर येऊन उजवा हात कोपरापर्यंत उघडा करायचा आणि महाराजांनी त्यावर अंगारा चोळायचा. निष्पाप हाताला काही होणार नाही, पाप्याच्या हातावर देव उठेल.

"सत्याला भिऊ नका, सत्यच तुमाला भिईल," महाराज म्हणाले. या वाक्याचा अर्थ कोणालाच लागला नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

हात पुढे येत होते आणि पांढरे होऊन मागे जात होते. मग धुरपताबाईचा हात पुढे आला. ती भोयाची विधवा, मूल ना बाळ, नदीकाठच्या छपरात एकटी राहणारी. महाराजांनी आतापर्यंत उजवीकडच्या बटव्यातून अंगारा काढला होता. आता त्यांनी डोळे मिटले, डावीकडच्या बटव्यात हात घातला आणि तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चांगला रगडून काढला. थोडा वेळ काहीच झालं नाही. पुढच्या दोघीतिघींचे हात होईतो धुरपताबाई हात खाजवायला लागली. खाजवता खाजवता हात लाल झाला आणि मग त्यावर टचटचून गांधी उठल्या.

तिला खेटून उभ्या असलेल्या बाया पदर सावरत मागे सरकल्या आणि तिच्याभोवती रिकामं रिंगण तयार झालं.

नेमका याच वेळी सूर्यभान खिल्लारे हातात बादली घेऊन नदीकडून वर आला. तो आधीच संतापलेला होता. डोहातल्या हत्तीखडकावरचं त्याचं सगळं काम कोणीतरी खरवडून नेलं होतं.

सूर्यभान मूळचा सेलूकडचा. बाप जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहायचा. छप्पन साली घरानं बुद्धाचा धम्म घेतला आणि पोरानं शिकायचं हे त्याच दिवशी ठरलं. पोरगा एवढं शिकला की आता तो काय शिकतोय हे घरात कोणाला सांगता येईना. गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर तो पीएच.डी. करत होता. हा पाण्याखालच्या खडकांना पापुद्र्यासारखा चिकटून राहणारा प्राणी. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही आणि तो जन्मभर जागचा हलत नाही. आई विचारायची, ते खातात का? विद्यापीठातले मार्गदर्शक महिन्या दोन महिन्यांनी पोस्टकार्ड टाकायचे, त्यात प्रगती कळवा एवढंच असायचं. वसतिगृहातले मित्र साहेब झाले होते. गावानं त्याचं नाव शेवाळवाले मास्तर ठेवलं होतं. हे शेवाळ नाही, जनावर आहे, असं पहिल्या वर्षी तो प्रत्येकाला सांगायचा. नंतर त्यानं सांगणं सोडून दिलं. कधी कधी सबंध दिवसात त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य म्हणजे "भाकरी झाली का, मावशी?" एवढंच असायचं.

मावशी म्हणजे धुरपताबाई. तो गावात आला तेव्हा खोल्या बऱ्याच रिकाम्या होत्या, पण आडनाव सांगितलं की रिकामी खोली भरलेली निघायची. बौद्धांची घरं मोजकी, एकेका खोलीत दहा माणसं. शेवटी धुरपताबाईनं आपल्या छपराची मागची बाजू त्याला दिली. तुमी कोण हे तिनं विचारलं नाही. जेवण कुठं करता, एवढंच विचारलं.

महाराजांनी निकाल दिला. उद्या दिवस मावळायच्या आत बाईनं गावाची शीव ओलांडावी. नाही ओलांडली, तर जे गोठ्यात झालं ते घरात होईल. हे ऐकताच पाटलांच्या सुनेनं लेकराला पोटाशी आवळलं, आणि धुरपताबाईची बाजू घ्यायला ज्यांचं तोंड उघडलं असतं त्यांचंही तोंड मिटलं.

सूर्यभान छपरात पोचला तेव्हा ती बोचकं बांधत होती. एक लुगडं, पितळी तांब्या, नवऱ्याचं जुनं जाळं. कुठं जाणार, असं त्यानं विचारलं. तिला माहीत नव्हतं. पिंगळीला लांबची एक भाची होती, पण ती ओळख दाखवेल का याची खात्री नव्हती. हे सगळं थोतांड आहे, असं तो तावातावानं बोलायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"देव खोटं कशाला बोलंल, मास्तर?" ती म्हणाली. "पाटलाची म्हैस नदीवर आली व्हती, कास भरलेली. म्या बगितलं तिच्याकडं. मनात आलं, आपल्या बी दारात आसती तर. तेवढंच आलं बगा. पर तेवढ्यानंच गेली आसंल."

गावानं तिला चेटकीण ठरवलं याचं सूर्यभानला दुःख झालंच होतं, पण तिनं स्वतःच ते कबूल केलं हे त्याला सोसवेना. मरेपर्यंत ती ही म्हैस काळजात घेऊन फिरणार होती.

त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तो बघतच राहिला. ह्या गांधी त्यानं आधी पाहिल्या होत्या, स्वतःच्या हातावर. पहिल्याच उन्हाळ्यात वाळलेले स्पंज खलात कुटताना त्याच्या हातांची अशीच आग झाली होती, आणि सांगायला कोणी नव्हतं म्हणून ते तो कोणालाच बोलला नव्हता.

तिच्या कोपराच्या घडीत अंगारा राहिला होता, महाराजांच्या डावीकडच्या बटव्यातला, असं ती म्हणाली. तो त्यानं कागदावर झटकून घेतला. सूक्ष्मदर्शक दारात मांडला, खालचा आरसा दुपारच्या उन्हाकडे फिरवला आणि डोळा लावला. राखेच्या काळ्या कणांमध्ये सुया चमकत होत्या. लखलखीत, दोन्ही टोकांना अणकुचीदार, केसाहूनही बारीक काचेच्या सुया. स्पंजाचं सगळं अंग अशा सुयांवर उभं असतं. प्राणी वाळून मरतो पण सुया राहतात, आणि कातडीवर रगडल्या की आत रुततात.

खडक कोणी खरवडला ते आता कळलं. चार दिवसांपूर्वी महाराजांचा चेला पाणी मागायला छपरात आला होता, तेही त्याला आठवलं. पाणी पिऊन झाल्यावर चेल्यानं चौकशी केली होती की मावशी, तुमाला कोण कोण हाय? कोणीच नाही, असं तिनं सांगितलं होतं.

सूर्यभानला हसू आलं, पण ते कडू होतं. त्याच्या विषयाचा जगात पहिल्यांदाच कोणालातरी उपयोग झाला होता, आणि तो एका चोराला.

संध्याकाळी तो पाटलांच्या घरी गेला. त्याला ओट्यावर बोलावलं नाही, अंगणात उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. माणिकराव पाटील रागीट होते, पण लबाड नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मास्तरांनी शेवाळात बघावं, देवाधर्मात पडू नये, असा सल्ला दिला. तरी शेवटी म्हणाले, काय बोलायचं ते सकाळी पारावर बोला, चोरून बोलणं आपल्याला पटत नाही.

सकाळी तो डोहावर गेला. नदी आटून डोहाचं पाणी खाली गेलं होतं आणि हत्तीखडकाची पाठ उघडी पडली होती. त्या पाठीवर त्यानं पांढऱ्या ऑइल पेंटचे ठिपके देऊन ठेवले होते. कुठला स्पंज कधी वाढतो, कधी वाळतो, पाणी आल्यावर कशातून पुन्हा जगतो, हे त्या ठिपक्यांवरून तो दर महिन्याला टिपायचा. आता ठिपक्यांच्या जागी नुसता खरवडलेला दगड होता. मागच्या कपारीत तेवढा तळहाताएवढा एक वाळका पापुद्रा उरला होता. प्रबंधासाठी आता तोच आधार होता. तो गेला तर तीन वर्षं गेली. सूर्यभान थोडा वेळ खडकावर बसून राहिला. मग त्यानं खिशातला चाकू काढला आणि पापुद्रा खरवडून रुमालात बांधला.

पारावर कालच्याइतकीच गर्दी होती. चमत्कार बघायला येतात त्याहून जास्त लोक कोणाला गावाबाहेर काढताना बघायला येतात. धुरपताबाई बोचकं घेऊन लांब, उन्हात बसली होती. सूर्यभान पुढे झाला आणि म्हणाला की महाराजांच्या अंगाऱ्यात देव नाही, नदीतला एक प्राणी आहे. तो प्राणी मी आणला आहे, आणि हा अंगारा मी तुमच्यासमोर करून दाखवतो.

महाराज मोठ्यानं हसले. "बच्चा, आमी हिमालयात तप केलं. तू चिखल खरवडायलास. तुझी पायरी वळख." या 'खरवडायलास'मध्ये सूर्यभानला हिमालय कुठं ऐकू आला नाही. सेलूच्या मोंढ्याच्या बाजारात हमाल असंच बोलतात, आणि ती भाषा तो बापाच्या तोंडून ऐकत वाढला होता.

त्यानं पापुद्रा दगडावर कुटला. राख मात्र त्यानं पाटलांच्याच चुलीतली मागवली, म्हणजे पुढे कोणी राखेला नाव ठेवायला नको. दोन्ही मिसळून त्यानं आधी आपला हात रगडला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं की मास्तर तिच्या छपरात राहतो, त्याच्या हातावर उठेलच. हे त्याला अपेक्षित होतं. मग त्यानं विचारलं, ज्याच्याबद्दल गावाला शंका नाही असा कोणी हात देईल का?

कोणी पुढे येईना. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण प्रत्येकाला आपापल्या मनातली एखादी म्हैस आठवली असावी. शेवटी माणिकराव पाटीलच बाही सारत उठले.

"लावा मला," ते म्हणाले. "म्या कोणाचं वाईट केलं न्हाई. माझ्या हातावर उठणार न्हाई."

सूर्यभाननं पाटलांचा हात रगडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हाताला तो शिवत होता, आणि पहिल्यांदाच पाटलांनाही त्याचं भान राहिलं नव्हतं. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. पाटलांनी बराच वेळ दम धरला. मग त्यांनी हळूच एकदा खाजवलं. मग जोरात खाजवलं. मग हात लाल झाला आणि पाटलांच्या हातावर, सगळ्या गावाच्या साक्षीनं, देव उठला.

कोणी मागे सरकलं नाही. पाटलांपासून मागे कसं सरकायचं, याची गावाला सवय नव्हती.

महाराज घाबरले, पण धंद्यात मुरलेले होते. भानामती आता पाटलांवर उलटली आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

"म्हंजे?" पाटील गरजले. "माझ्या म्हशी म्याच मारल्या का?"

गर्दीत कोणीतरी हसलं. एकदा हसू सुटलं की महाराजाचं काही खरं नसतं. पाटलांनी पोलीस पाटलाच्या अधिकारानं चेल्याची झोळी पारावर उलटी करवली. तिच्यातून वाळक्या पापुद्र्यांचे तुकडे पडले, आणि कित्येक तुकड्यांना पांढरा ऑइल पेंट चिकटलेला होता. डावा बटवा तुमच्या हातावर ओता, असं सूर्यभान महाराजांना म्हणाला. महाराजांनी दोन्ही हात भगव्या छाटीच्या आत ओढून घेतले.

आश्रुबा भोई गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. तो काठी टेकत पुढे आला. त्यानं एक तुकडा उचलून नाकाशी नेला.

"ही तर डोहातली खाज हाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात हत्तीखडकाला आंग घासू नको, म्हणून माय मारायची आमाला. ज्याला त्याला त्याची माय मारायची. पाटील, तुमाला बी."

पाटलांनी तुकडा हातात घेतला. लहानपणी खडकावरून घसरगुंडी खेळल्यावर रात्रभर झालेली पाठीची आग त्यांना आठवली असावी, कारण ते हळूच म्हणाले, "आमाला ठाव व्हतं की."

सूर्यभान चकित झाला. नदीत पोहलेल्या प्रत्येकाला ही खाज माहीत होती. धुरपताबाईला तर जाळी धुताना दर उन्हाळ्यात ती व्हायची. पण तीच खाज देवाचं नाव घेऊन, झोळीत बसून आली, तेव्हा एवढ्या मोठ्या गावात तिला कोणी ओळखलं नाही. तो इतकी वर्षं समजत होता की आपण अडाणी लोकांत एकटे शहाणे आहोत. तसं नव्हतं. लोक अडाणी नव्हते, त्यांनी आपलं शहाणपण चपलांबरोबर पाराखाली काढून ठेवलं होतं.

महाराजांना चावडीत बसवून पोलिसांना निरोप गेला. मग पाटील सूर्यभानजवळ येऊन उभे राहिले. अजून हात खाजवत होते.

"चैतात जनावराच्या दवाखान्याचा माणूस आला व्हता," ते खाली बघत म्हणाले. "घटसर्पाची लस टोचायला. म्या वापस लावला त्याला. टोचलं की दूध आटतं म्हणत्यात. मास्तर, माझ्या हातावर उठलं, ते खरंच म्हणायचं का मग?"

इथं हो म्हटलं असतं तर पाटील जन्मभर त्याचे झाले असते, आणि गावाला दुसरा महाराज मिळाला असता.

"नाही, पाटील," सूर्यभान म्हणाला. "अंगाऱ्याला काही कळत नाही. तो तान्ह्या लेकराच्या हातावरही उठेल. म्हशी का मेल्या ते तुम्हाला तुमच्या डोक्यानं कळलं. ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण दुसऱ्यावर ढकलणं सोपं होतं."

पाटलांना राग आला. पण तो त्यांनी गिळला, धुरपताबाईपाशी गेले आणि तिचं बोचकं स्वतः उचलून तिच्या छपरापर्यंत नेलं. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, तेवढंच येत होतं.

दुपारी सूर्यभाननं सूक्ष्मदर्शक पारावर मांडला. लोकांनी रांग लावली. पहिल्याच बाईनं नळीला डोळा लावायच्या आधी हात जोडले. त्यानं ते सोडवले. पाया पडू नका, बघा, तो म्हणाला, आणि दिसलं नाही तर दिसत नाही म्हणा. मग एकेक जण बघू लागला. कोणी म्हणालं बाभळीचे काटे, कोणी म्हणालं सुया. हे जनावर खातं काय, याला पिल्लं कशी होतात, पाणी आटल्यावर जातं कुठं, असं लोक विचारत होते आणि तो सांगत होता. एवढं तो तीन वर्षांत बोलला नव्हता. बोलता बोलता मध्येच तो आरसा पुसू लागला.

उन्हं उतरली तशी माणसं पांगली. खडक खरवडलेला होता आणि प्रबंधाचं काम पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. मार्गदर्शकांच्या पुढच्या पोस्टकार्डाला काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं. भेगांत स्पंजाचे दाण्यासारखे अंकुर राहिलेले असतात. नदीला पाणी आलं की ते उघडतात, हे त्याला ठाऊक होतं. पण तोवर सूर्यभान आणि उघडा खडक, एवढंच होतं.

सगळ्यांत शेवटी धुरपताबाई आली. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"मंग म्हशीला माझी नजर न्हाई लागली?"

"नजरेत काही नसतं, मावशी."

तिनं डोळा काढला नाही. "मंग मलाच कामून लावला त्यो बटवा?"

तिला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं, पण आज दिवसभर तो खरं सांगत आला होता.

"तुमच्या मागं कोणी नाही म्हणून," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. हे तिला पटलं, देवापेक्षा लवकर पटलं. मग ती पदर झटकून उठली. भाकऱ्या टाकते, आज तुमी बी चुलीपाशीच बसा, एकट्यानं मागं जेवू नका, असं म्हणाली आणि छपराकडे चालायला लागली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात कोणीतरी हिमालयातून येईल. त्याच्याशी वाद घालायला प्रत्येकाजवळ सूक्ष्मदर्शक असतोच असं नाही, आणि त्याची गरजही नाही. लहानपणी आईनं ज्याच्यापासून दूर राहायला सांगितलं होतं तेच तर हे नाही ना, एवढं आठवून बघा. दोन बटवे कशाला लागतात, ते विचारा. आणि अंगारा कितीही पवित्र असो, तो एकट्या बाईच्या हाताला लावायच्या आधी पाटलाच्या हाताला लावून बघा.